गावाचा इतिहास आणि लोकसंख्येचा तक्ता कसा तयार करायचा? (राजापूर तालुका)

खाडीपल्याड

ग्रीसमधल्या एखाद्या आडबाजूच्या खेड्याची माहिती शोधली तर पहिल्या चार ओळींत सगळं सापडतं. गाव कुठल्या पालिकेत मोडतं, समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, आणि गेल्या पाच-सहा जनगणनांचे आकडे ओळीने. शंभर-दीडशे वस्तीच्या गावाचंसुद्धा. आमच्या गावासाठी तसाच तक्ता आणि सोबत सहा-सात पानांचा इतिहास करायचा आहे. ग्रामपंचायत स्मरणिका काढते आहे.

अडचणी अशा. ग्रामपंचायतीच्या फलकावरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. १९५१ च्या मागचं काहीच हाती लागत नाही. ग्रामपंचायत गट आहे, तिच्यात दोन महसुली गावं, मिळून नऊ वाड्या. त्यातली एक वाडी पूर्वी शेजारच्या गावात होती असं जुनी माणसं सांगतात. आणि देवळाच्या पत्रिकेत गाव 'सातशे वर्षांचं' असं दरवर्षी छापून येतं, त्याला आधार काय ते कुणालाच सांगता येत नाही.

कुठले कागद कुठे मिळतात आणि त्यात फसायला कुठे होतं, ते जाणकारांनी सांगावं.

गावनमुना

लोकसंख्येपासून सुरू करू नका, हद्दीपासून करा. जनगणना मोजते ती महसुली गावातली माणसं. ग्रामपंचायत, वाडी, देवस्थानाची शीव, यांच्याशी तिला देणंघेणं नाही. फलकावरचा आकडा बहुतेक दोन्ही महसुली गावांची बेरीज असणार, नाहीतर मतदार यादी किंवा रेशनकार्डांवरून काढलेला. मुंबईकरांची नावं या दोन्ही याद्यांत वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे आकडा फुगतो. फलक बाजूला ठेवा.

२०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी संकेतांक आहे. दोन्ही गावांचे संकेतांक आधी लिहून घ्या. मग जनगणना कार्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयातून रत्नागिरीच्या जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवा. या पुस्तिका १९५१ पासून निघतात. तुम्हाला त्यातले दोन भाग लागतील: गाव निर्देशिका, म्हणजे क्षेत्र, शाळा, पाणी, रस्ता वगैरे, आणि प्राथमिक गोषवारा, म्हणजे कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, साक्षर, काम करणारे.

नाव शोधताना दम निघतो. रोमन लिपीतलं स्पेलिंग दर दहा वर्षांनी बदलतं, बुद्रुक-खुर्दची अदलाबदल होते, कधी नावापुढे तर्फ (तालुक्याखालचा जुना महसुली विभाग) चिकटते, कधी गळते. म्हणून नावावर विसंबू नका, क्षेत्रफळ जुळवा. जुन्या पुस्तिकांत चौरस मैल किंवा एकर असतात, नंतरच्यांत हेक्टर. १ चौरस मैल म्हणजे ६४० एकर, म्हणजे २५९ हेक्टर. दोन जनगणनांमधलं क्षेत्र थोडंफार इकडेतिकडे असेल तर मोजणीचा किंवा पूर्णांकाचा फरक समजा. पाचवा-सहावा हिस्सा गायब असेल तर वाडी तुटली किंवा जोडली गेली आहे.

त्याचा पुरावा तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) आणि कमी-जास्त पत्रक (त्या क्षेत्रातल्या बदलांची नोंद) मागा. वाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळाला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ खाली अधिसूचना निघालेली असते. राजपत्रात ती तारखेसह सापडते. मग तक्त्यात दोन ओळी करा, एक छापील आकड्यांची आणि एक आजच्या हद्दीनुसार जुळवलेली. जुळवणं शक्य नसेल तिथे रेघ मारा, अंदाज भरू नका.

१९४१ साठी जीव काढू नका. युद्धामुळे त्या वेळचे तक्ते फारच थोडे झाले.

एजियन

त्या ग्रीक तक्त्याला भुलू नका, त्यातही हेच सगळे खड्डे आहेत. फक्त ते झाकलेले आहेत.

ग्रीसमध्ये १९५१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना नियमित झाली, आणि आकडे अगदी वस्तीपातळीपर्यंत प्रसिद्ध होतात, म्हणून ओळ सलग दिसते. पण १९९१ पर्यंतचे आकडे त्या दिवशी गावात हजर असलेल्या माणसांचे. अथेन्सला स्थायिक झालेली मंडळी मोजणीच्या दिवशी मुद्दाम गावी जात, कारण गावाचा निधी लोकसंख्येवर ठरतो. अलीकडच्या तक्त्यांत आकडा येतो तो कायम रहिवाशांचा. त्यामुळे एखादं डोंगरी गाव वीस वर्षांत निम्मं झालेलं दिसतं, पण त्यातली काही घट खरी असते आणि काही केवळ मोजण्याची रीत बदलल्यामुळे. नोंदणीकृत नागरिकांचा आकडा तिसराच. संसदेच्या जागा त्यावर ठरतात.

हद्दींचंही तेच. १९९८ च्या आणि २०११ पासून लागू झालेल्या सुधारणांत छोट्या पालिका एकत्र केल्या. आता एकाच नावाची पालिका, पालिका-विभाग, समुदाय आणि प्रत्यक्ष वस्ती अशा चार पायऱ्या असू शकतात आणि चारींचे आकडे वेगळे. तुमच्या गट ग्रामपंचायतीचा घोळ त्यापुढे साधा म्हणायचा.

इतिहासाचा भाग तिथे आणखी अवघड आहे. उत्तर ग्रीसमधल्या शेकडो गावांची तुर्की किंवा स्लाव नावं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बदलली, म्हणजे जुन्या कागदात आजचं नाव शोधून काही मिळत नाही. १९२३ च्या लोजान कराराने ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली, सुमारे बारा लाख ख्रिस्ती निर्वासित ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन लाखांच्या वर मुसलमान गेले. काही गावांची सगळी वस्तीच बदलली. मग १९४६ ते १९४९ चं यादवी युद्ध, पाठोपाठ जर्मनी-ऑस्ट्रेलियाला गेलेली तरुण पिढी. हे कळल्याशिवाय १९२०, १९२८, १९५१ हे आकडे ओळीने मांडले तरी त्यांचा अर्थ लागत नाही. त्याआधीचं पाहायचं तर उस्मानी करवह्या आहेत, पण त्यांत माणसं नाहीत, कर भरणारी घरं आहेत. अभ्यासक घरांना पाचाने गुणतात, आणि त्या पाचावरून आजही भांडतात.

भरती-ओहोटी

एजियन यांनी हजर माणसांचा मुद्दा काढलाच आहे, तर कोकणासाठी तो फार कामाचा आहे.

आपल्याकडे १८८१ पासून १९३१ पर्यंत मोजणी एका रात्रीची होती. त्या रात्री जो जिथे सापडला तो तिथला. अधिकाऱ्यांना दारोदार फिरायला चांदणं हवं असे, म्हणून तारखा पौर्णिमेच्या आसपास. आता पंचांग लावून पाहा. १९०१ ची रात्र १ मार्चची, आणि त्या वर्षी फाल्गुन पौर्णिमा ५ मार्चच्या सुमारास. १९११ ला १० मार्च, पौर्णिमा १५ च्या सुमारास. १९२१ ला १८ मार्च, पौर्णिमा २३-२४ ला. म्हणजे तिन्ही वेळा शिमगा तोंडावर! उलट १८८१ ची मोजणी १७ फेब्रुवारीला आणि १८९१ ची २६ फेब्रुवारीला, होळीला चार आठवडे बाकी असताना. पालखीसाठी किती चाकरमानी आधीच गावी पोचले होते हे आकड्यावरून सांगता येणार नाही, पण १८९१ ते १९०१ ची वाढ दिसली की 'भरभराट' लिहून मोकळं होऊ नका. त्याच दशकात, १८९६ पासून, मुंबईत प्लेगही होता आणि गिरणगावातली माणसं गावाकडे पळत होती.

१९४१ पासून एका रात्रीची पद्धत गेली. पुढे मोजणीचा काळ आणि नेहमीचं राहण्याचं ठिकाण धरलं जाऊ लागलं. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी. म्हणून तक्त्यात १९३१ आणि १९५१ च्या मध्ये एक उभी रेघ ओढा.

जिल्ह्याशी तुलना करताना आणखी एक ठेच लागते. १९०१ साली रत्नागिरी जिल्ह्यात ११,६७,९२७ माणसं होती. २०११ ला रत्नागिरीत १६,१५,०६९ आणि १ मे १९८१ ला वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात ८,४९,६५१, मिळून २४,६४,७२०. लोक लिहितात, एकशे दहा वर्षांत दुपटीहून जास्त. चूक. १९०१ ला सावंतवाडी हे संस्थान होतं, त्याची २,१७,७३२ माणसं जिल्ह्याच्या आकड्यात नाहीत. ती मिळवली की वाढ दुपटीच्याही खाली येते, साधारण १.८ पट. त्याच काळात आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या १.९४ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली, जवळजवळ पावणेसहा पट. तुमच्या गावाचा आकडा शंभर वर्षांत जागेवरच असेल तर ते गाव काही विलक्षण नाही.

२००१ ते २०११ मध्ये दोन्ही जिल्हे चक्क घटले. आणि पुरुष-स्त्रियांचे आकडे वेगळे द्याच. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईत हे एका प्रमाणात दिसतं.

खाडीपल्याड

छान माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. १९५१, १९६१ आणि २०११ च्या पुस्तिका उतरवल्या. एका गावाचं क्षेत्र तिन्ही ठिकाणी जुळतं, दुसऱ्याचं १९६१ नंतर वाढलेलं दिसतं, म्हणजे वाडीबद्दल जुनी माणसं सांगतात ते खरं असावं. भूमी अभिलेखकडे अर्ज देतो. आता १९५१ च्या मागे कसं जायचं? आमचं गाव खोतीचं होतं, म्हणजे सारा खोतामार्फत सरकारात जायचा, एवढं माहीत आहे.

बोटखत

खोतीचं गाव असेल तर कागद भरपूर आहेत, फक्त ते माणसांचे नसून जमिनीचे आहेत. १८८० च्या खोती कायद्याच्या सुमारास गावोगाव बोटखतं तयार झाली. कुठल्या नंबरात कोण कूळ, खोताला काय देणं लागतं, धारेकरी कोण, दुपटकरी कोण (हे जमीन कसणाऱ्यांचे प्रकार), हे त्यात येतं. तहसीलचा अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेख अशा दोन्ही ठिकाणी विचारा, एका ठिकाणी 'नाही' म्हणाले म्हणजे नाहीच असं नसतं. लिपी बहुतेक मोडी. सोबत फाळणी पुस्तक (सर्व्हे नंबरांच्या पोटहिश्श्यांची नोंद) आणि जुने फेरफार मागा. अर्जात 'गावाचे जुने रेकॉर्ड मिळावे' असं मोघम लिहू नका, परत येतो. मौजे, तालुका, कागदाचं नाव, वर्षाचा टप्पा, आणि शक्यतो एखादा सर्व्हे नंबर लिहा.

बोटखतातल्या कुळांची आडनावं वाडीवार लावली की १८८० च्या आसपासची वस्ती उभी राहते. पण ती पूर्ण गावाची नव्हे. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती ते त्यात नाहीत: किनाऱ्यावरचे मासेमारी करणारे, काही बलुतेदार, गडीमाणसं. त्यामुळे कुळं मोजून पाचाने गुणलं तर आकडा कमी भरतो, आणि एकाच घरातले तीन भाऊ तीन कुळं म्हणून आले असतील तर जास्त. द्यायचाच तर चार ते सहा पटीचा पल्ला द्या.

माणसांच्या खऱ्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या वहीत. पोलीस पाटील आणि कोतवालामार्फत या नोंदी होत. जुन्या वह्या तहसीलला असतात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून पुष्कळ जिल्ह्यांनी अशा वह्यांची छायाचित्रं जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली, आधी तिथे पाहून घ्या, खेप वाचेल. १९१८ चं पान मिळालं तर महिन्यागणिक मृत्यू मोजा. इन्फ्लुएंझाची मोठी लाट सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली; कारणाच्या रकान्यात नुसतं 'ताप' असेल.

या वहीवरून लोकसंख्या काढायला मात्र जाऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे लेकींची मुलं आपल्या वहीत आणि सुनांची दुसऱ्या गावच्या. मुंबईत वारलेला माणूस वहीत येतच नाही. वही साथ, दुष्काळ, बालमृत्यू यांच्यासाठी चांगली.

शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. स्थापनेपासूनचे पट, गाव सोडल्याची तारीख आणि 'मुंबईस गेला' असे शेरे त्यात सापडतात. जन्मतारखांवर भरवसा नको, निम्मी गावं १ जूनला जन्मलेली असतात.

छापील साधनांत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८०. तो जालावर फुकट आहे. लहान गावाचं नाव त्यात सहसा नसतं, पण तालुका, बंदर, खाडी, खोती आणि पिकं यांची प्रकरणं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग तालुक्याचे जमाबंदी अहवाल: गाववार आकार, आणि तालुक्याची घरं, गुरं, नांगर, विहिरी.

त्याही मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार. विजयदुर्ग १७५६ मध्ये आंग्र्यांकडून गेला आणि आसपासचा मुलूख पेशव्यांच्या कारभारात आला, १८१८ ला इंग्रजी आली. त्या मधल्या साठ वर्षांचे कोकणाचे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, तिथे आहेत. गावाच्या नावाने मागू नका, कुठली तर्फ ते आधी शोधा. आणि मोडी वाचणारा सोबत हवाच.

कागदावर सन अरबी असेल तर घोटाळा होतो. शुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतच्या (जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या) तारखेला ६००. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे ११७२, म्हणजे १७७१-७२. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, इंग्रजी वर्ष उलटल्यावरच्या पौष-माघ-फाल्गुनात ७९. एका वर्षाची चूक क्षुल्लक वाटते, पण दोन कागदांचा क्रम त्यामुळे उलटतो.

खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. स्मरणिकेत ही दोन्ही वर्षं याच क्रमाने यावीत, आणि गावातल्या कुळांच्या नावे जमीन कधी लागली ते फेरफारांवरून बघावं. एका गावात ते पटकन झालं, शेजारच्या गावात दावे चालू राहिले, असं पुष्कळदा दिसतं.

कातळसडा

'सातशे वर्षांचं' याविषयी. असा दावा करायला गावाचं नाव असलेला, कालोल्लेख असलेला लेख लागतो. तुमच्याच तालुक्यात कशेळीला तो आहे: कनकादित्य मंदिराचा शिलाहार भोजाचा ताम्रपट, शके १११३, म्हणजे इ.स. ११९१. असं भाग्य फार थोड्या गावांना.

बाकी गोष्टी काय सिद्ध करतात आणि काय नाही ते नीट वेगळं करा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं असतील तर तिथे फार पूर्वी माणूस होता, पण आजची वस्ती त्यांच्यापासून सलग आहे असं मुळीच ठरत नाही. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी ही राजापूरची नावं सगळ्यांना माहीत आहेत. कुणी त्यांचा काळ ठोकून देतं, तो उचलू नका. वीरगळांवर (लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर) बहुधा अक्षर नसतं, म्हणून 'मध्ययुगीन' याच्या पुढे जाऊ नये. घंटेवर साल कोरलेलं असेल तर ते घंटेचं. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चच्या घंटा देवळांत आल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ आहे, त्यावरून ते देऊळ कुणी १७२१ चं ठरवत नाही. जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी म्हणजे जीर्णोद्धाराचा पुरावा, बस.

घराण्यांच्या मूळ पुरुषाच्या कथा घ्या, पण 'परंपरा अशी' म्हणून. सगळेच घाटावरून नाहीतर राजस्थानातून आलेले असतात. आधीपासून इथलंच असं एकही घर निघत नाही, गंमत आहे. त्यापेक्षा गावऱ्हाटी, म्हणजे देवळाभोवतीची मानपानाची रीत, लिहून काढा. मान कुणाचे, पालखी कुठल्या घरापासून निघते, कौल कोण घेतं, गुरव-घाडी कुठल्या वाडीतले, कुठल्या वाडीला मान नाही. मान नसलेली वाडी बहुतेक वेळा उशिरा वसलेली किंवा दुसऱ्या गावातून जोडलेली असते. तुमच्या त्या वाडीचं इथे नक्की बघा, कमी-जास्त पत्रकाशी ताडून.

गावनमुना

आजचा आकडा हवा असेल तर २०११ वर थांबू नका, पण अंदाजही बांधू नका. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, तोवर स्वतः घरमोजणी करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी यादी, समोर ठेवा आणि प्रत्येक घर चारांपैकी एका रकान्यात टाका: वर्षभर राहतं, फक्त गणपती-शिमगा-मे महिन्यात उघडतं, कायम बंद, पडकं. राहत्या घरांतली माणसं वयाच्या तीन गटांत, १५ च्या आतली, १५ ते ५९, साठीपुढची. अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण वहीशी पडताळा.

मोजणी जुलैच्या शेवटी करा. लावणी संपलेली असते, गणपती लांब असतात, मुंबईकर नसतात. किनाऱ्याच्या गावात फेब्रुवारीत आंब्याच्या बागांवरचे नेपाळी राखणदार आणि बोटींवरचे परजिल्ह्यातले खलाशी असतात. तेव्हा मोजलं तर पुरुषांचा आकडा अचानक वर जातो. जनगणना फेब्रुवारीतलीच असल्याने तुमचा आणि तिचा आकडा जुळणार नाही. तक्त्याखाली तारीख आणि ही टीप द्या.

आणि बोटखतातली नावं सर्व्हे नंबरासह स्मरणिकेत छापू नका. वाडीवार आडनावं आणि संख्या पुरे. कूळहक्काचे दावे अजून चालू असतात, छापलेलं पान उद्या कुणीतरी मामलेदारापुढे ठेवतो आणि संपादक मंडळाला तारखा पडतात.